बोलपटाचा न ऐकलेला इतिहास

आपण चित्रपट ‘पाहायला’ जातो. ‘ऐकायला’ जातो असे कोणी म्हणत नाही. संगीत नाटकाच्या भरभराटीच्या काळात लोक बालगंधर्वांना ऐकायला जात आणि तसे मोकळेपणाने म्हणतही. पुढे १९३१ साली पडदा बोलू लागला. त्याला आपण ‘बोलपट’ असे ठसठशीत नावही दिले. पण त्या नावापुढे क्रियापद लावायची वेळ आली तेव्हा ‘पाहणे’ हेच लावले. भाषेतील हा पक्षपात निष्कारण नाही. डोळ्यांनी घेतलेले आपल्या ध्यानात राहते. कानांनी घेतलेले मात्र आत शिरते, आपले काम करते आणि येऊन गेल्याची खूणही मागे ठेवत नाही. चित्रपटगृहातून बाहेर पडताना आपण नायिकेच्या साडीविषयी बोलतो, डोंगरदऱ्यांच्या देखाव्याविषयी बोलतो, फार तर गाण्यांविषयी बोलतो; पण अमुक प्रसंगी दाराची कडी किती जोराने वाजली याविषयी कोणी बोलत नाही. आणि आपला जीव दडपला होता तो बहुधा त्या कडीनेच.

अशा स्थितीत चित्रपटविद्येचा एखादा विद्यार्थी म्हणाला की, माझ्या अभ्यासक्रमातील माहितीपट मी चित्रपटाच्या ध्वनिरचनेवर करणार, तर त्याचे गुरुजन त्याला पहिला प्रश्न हाच विचारतील की, बाबा रे, तू दाखवणार काय? चित्रकाराचा हात दाखवता येतो, नर्तकीचे पाऊल दाखवता येते. आवाज कसा दाखवायचा? मायक्रोफोन दाखवशील, कानाला हेडफोन लावून बसलेला मनुष्य दाखवशील, असंख्य बटणांचे यंत्र दाखवशील. पाच मिनिटांनी प्रेक्षक जांभई देईल. हा प्रश्न थट्टेचा नाही. पडद्याच्या इतिहासात ध्वनीला उपेक्षा सोसावी लागली तिचे कारणच या प्रश्नात आहे.

या प्रश्नाचे उत्तर इतिहासातून काढावयाचे असा आजचा बेत आहे. ते थोडक्यात असे की, चित्रपटातला आवाज केवळ टिपला जात नाही, तो निवडला जातो. आणि जेथे निवड आहे तेथे निवडणारा मनुष्य आहे. यंत्राऐवजी ही निवड दाखवता आली, तर आवाज दाखवता आला असे समजावे.

आरंभ वाटतो त्याहून जुना आहे. एडिसनने फोनोग्राफ सिद्ध केला तो १८७७ साली. कानासाठी फोनोग्राफने जे केले तेच डोळ्यांसाठी करावे, ही त्याच्या चित्रयंत्रामागची मूळ कल्पना होती. म्हणजे चित्र हे आवाजाच्या मागून, त्याचे भावंड म्हणून जन्माला यावयाचे होते. १८९४-९५ च्या सुमारास न्यू जर्सीतील एडिसनच्या चित्रशाळेत एक छोटा तुकडा घेण्यात आला. त्याचा सहकारी डिक्सन एका प्रचंड कर्ण्यासमोर व्हायोलिन वाजवीत उभा आहे आणि शेजारी दोन पुरुष एकमेकांना धरून नाचत आहेत, एवढाच तो प्रसंग. चित्र फितीवर राहिले, सूर मेणाच्या नळकांड्यावर राहिला, आणि दोघांची ताटातूट झाली. पुढे ते नळकांडे भंगलेल्या स्थितीत हाती आले. ते सांधून त्यावरचा सूर बाहेर काढण्यात आला, आणि २००० सालच्या सुमारास वॉल्टर मर्च या अमेरिकन ध्वनिकाराने तो चित्राशी जुळवून दिला. एकाच क्षणी जन्मलेल्या या जुळ्यांची गाठ पडायला शंभर वर्षे लागली.

ही गाठ घालणे अवघड का, हे समजून घेण्यासारखे आहे. चित्र एका यंत्रावर आणि आवाज दुसऱ्यावर असला म्हणजे दोन्ही एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत आणि एकाच वेगाने चालले पाहिजेत. चित्रीकरणाच्या आरंभी एक मनुष्य पाटी धरतो आणि तिची फळी फाडकन मिटतो, हे आपण छायाचित्रांतून पाहिलेले असते. ती फळी मिटताना दिसण्याचा क्षण आणि तिचा आवाज येण्याचा क्षण एकच. तेवढ्या खुणेवर पुढचे सगळे जुळवता येते. डिक्सनच्या तुकड्यात अशी फळी नव्हती. म्हणून व्हायोलिनवरच्या हाताची हालचाल आणि सुरांची चाल यांचाच मेळ शोधावा लागला.

मधल्या तीस वर्षांना आपण मूकपटाचा काळ म्हणतो. पण चित्रपटगृह मुके नव्हते. आपल्याकडे पडद्याखाली पेटी आणि तबला वाजत असे. परदेशातील मोठ्या चित्रगृहांत संपूर्ण वाद्यवृंद असे, आणि जपानमध्ये तर ‘बेन्शी’ नावाचे कथेकरी पडद्याशेजारी उभे राहून सर्व पात्रांची भाषणे करीत व लोक त्यांच्या नावावर गर्दी करीत. आवाज तेव्हाही होताच; पण तो चित्राच्या मालकीचा नव्हता, चित्रगृहाच्या मालकीचा होता. मुंबईत एक वाजे, नाशकात दुसरा वाजे. बोलपटाने खरी क्रांती केली ती ही की, आवाज चित्राला कायमचा बांधला.

६ ऑक्टोबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉर्नर बंधूंचा ‘द जाझ सिंगर’ प्रदर्शित झाला. त्यात बोलणे थोडेच. बहुतेक भाग मूकपटाप्रमाणे पाट्यांचाच. त्याचा आवाज सोळा इंची तबकड्यांवर होता. फीत मध्येच तुटून पुन्हा जोडली की काही चौकटी कमी होत आणि तेथून पुढे ओठ एक बोलत, तर कानांवर दुसरे पडे. म्हणून लवकरच तबकडी मागे पडली आणि आवाज फितीवरच आला. चित्राच्या कडेला एक अरुंद पट्टी असते. तिच्यात आवाजाचे रूपांतर प्रकाशाच्या कमीजास्तपणात किंवा रेषेच्या रुंदीत केलेले असते. गंमत अशी की, या फितीवर एखादा शब्द आणि तो शब्द बोलणारे ओठ शेजारी शेजारी नसतात; शब्द सुमारे वीस चौकटी पुढे असतो. कारण चित्राच्या झरोक्याशी फीत थांबत थांबत पुढे सरकली पाहिजे, आणि आवाज वाचण्याच्या जागी तीच फीत संथ धारेसारखी वाहिली पाहिजे. डोळ्याला धक्के चालतात, कानाला चालत नाहीत. आवाजामुळेच चित्राचा वेग सेकंदाला चोवीस चौकटी असा कायम झाला. तोवर तो चालवणाऱ्याच्या हातावर असे. चित्राने आवाजाला दिलेला हा पहिला मान.

मान दिला खरा, पण आरंभी आवाजाने चित्राचा जाच फार केला. कॅमेऱ्याची घरघर ऐकू येऊ नये म्हणून कॅमेरा आणि तो चालवणारा, दोघांना एका कोंदट पेटीत कोंडू लागले. जो कॅमेरा मूकपटाच्या अखेरच्या वर्षांत पाखरासारखा फिरत होता तो खुंटाला बांधलेल्या जनावरासारखा झाला. मायक्रोफोन फुलदाणीत, दिव्यात, पडद्यामागे लपवीत आणि नट त्या फुलदाणीभोवती गोळा होऊन बोलत. त्या काळच्या जाणत्या दिग्दर्शकांना बोलपट आपत्तीसारखा वाटला तो काही हट्टाने नव्हे.

आपल्याकडे हे नवल १४ मार्च १९३१ रोजी अवतरले. गिरगावातील मॅजेस्टिक चित्रपटगृहात अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ लागला आणि गर्दी आवरण्यास पोलिसांना बोलवावे लागले. चित्रशाळेजवळून आगगाडीचा मार्ग जात असल्यामुळे या चित्रपटाचे बरेचसे काम रात्री, गाड्या थांबल्यावर करावे लागे. यंत्र असे होते की, चित्र आणि आवाज एकाच वेळी एकाच फितीवर उमटत. मागाहून आवाजात दुरुस्ती करण्याची सोय नव्हती. गाणेही तेथेच, वादकांना कॅमेऱ्याच्या नजरेआड बसवून, चित्रीकरणाबरोबरच घ्यावे लागे. त्या रात्री जे कानांवर आले ते तसेच कायम झाले.

कायम झाले असे म्हणतो खरे, पण ‘आलम आरा’ची एकही प्रत आज ज्ञात नाही. छायाचित्रे आहेत, जाहिराती आहेत, कोणी काय काम केले याच्या नोंदी आहेत, आवाज नाही. हिंदुस्थानचा पडदा पहिल्यांदा ज्या आवाजात बोलला तो आवाज ऐकलेला मनुष्य आज मिळणे कठीण, आणि तो पुन्हा ऐकण्याची तर कोणतीच सोय नाही. ध्वनीवर माहितीपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट सर्वांत आधी मनावर घ्यावी. त्याच्या विषयाचे पहिलेच पान फाटलेले आहे.

आता निवडीकडे वळू. बोलपट आला आणि जे दिसते ते ऐकू आलेच पाहिजे असा एक समज पसरला. दार दिसले की दाराचा आवाज, पाऊल दिसले की पावलाचा. १९२८ सालीच आयझेनस्टाइन, पुदोव्हकिन आणि अलेक्झांद्रोव्ह या तिघा रशियन दिग्दर्शकांनी या समजाविरुद्ध एक जाहीर निवेदन काढले. आवाजाने चित्राची री ओढू नये, चित्राशी त्याचा विरोध असावा, असा त्यांचा आशय होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत हे प्रत्यक्षात उतरले. हिचकॉकच्या ‘ब्लॅकमेल’मध्ये (१९२९) नायिकेच्या हातून सुरीने एक खून झालेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी शेजारीण त्या खुनाविषयी बडबडत असते. हळूहळू तिची वाक्ये पुसट होत जातात आणि एकच शब्द स्पष्ट उरतो: सुरी. येथे मायक्रोफोनने ऐकलेले आपण ऐकत नाही. एका भेदरलेल्या मुलीने ऐकलेले ऐकतो. १९३१ साली जर्मनीत फ्रिट्झ लांगने ‘एम’ काढला. त्यातील बालकांचा खुनी एक विशिष्ट शीळ घालतो, आणि अखेर त्याला ओळखतो तो फुगे विकणारा एक आंधळा. ज्याला डोळे नाहीत त्याच्याच साक्षीने गुन्हेगार सापडावा, ही कल्पना म्हणजे बोलपटाने आपल्या नव्या इंद्रियाचे केलेले पूजनच होय.

त्याच सुमारास हॉलिवूडमध्ये दुसरे एक शहाणपण जन्मले. खरा आवाज खरा वाटेलच असे नाही. युनिव्हर्सल चित्रशाळेतील जॅक फोली हा मनुष्य पडद्यावर चित्र पाहत पाहत स्वतः चालून, कपडे सळसळवून, वस्तू हाताळून आवाज भरू लागला. त्या कामाला आजही जगभर त्याचेच नाव आहे. बर्फावरील पावलांसाठी मक्याच्या पिठाची पुरचुंडी दाबावी, मोडणाऱ्या हाडांसाठी सेलरीचे देठ मोडावे, घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या वाजवाव्या, असे या विद्येचे शास्त्र आहे. ‘किंग काँग’ (१९३३) या चित्रपटासाठी मरी स्पिव्हॅक याने सिंह-वाघांच्या डरकाळ्या मुद्रित केल्या, त्यांचा वेग कमी केला, काही उलट्या फिरवल्या, आणि पृथ्वीवर नसलेल्या प्राण्याला कंठ दिला. आपल्या भजनी मंडळातील पखवाजी डाव्या पुडीला कणीक लावून आवाज भरदार करतो. त्याला हे तत्त्व नवीन वाटू नये.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया प्रभातमध्ये घातला गेला. कोल्हापुरात १९२९ साली निघालेल्या या कंपनीने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ काढला. आज उपलब्ध असलेल्या भारतीय बोलपटांत तो सर्वांत जुना मानला जातो. त्याच्या ध्वनिमुद्रणाची जबाबदारी विष्णुपंत दामले यांनी घेतली. बाबूराव पेंटरांच्या हाताखाली पडदे रंगवणे, देखावे उभारणे, यंत्रे खोलणे अशा कामांत तयार झालेला हा माणूस. ध्वनीचे शिक्षण देणारी शाळा तेव्हा देशात नव्हतीच. यंत्र समोर ठेवून त्याच्याकडूनच शिकायचे, हीच त्या पिढीची शाळा. फत्तेलालांच्या बरोबरीने दामल्यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणला गेला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच दामल्यांनी मराठी पडद्याला कान दिला, हे सहसा सांगितले जात नाही.

आणि प्रभातचे खरे धाडस पाहावयाचे तर ‘कुंकू’मध्ये (१९३७) पाहावे. शांतारामबापूंनी या चित्रपटात पार्श्वसंगीत वापरले नाही. दुःख झाले की व्हायोलिन, संकट आले की नगारा, हा सोपा मार्ग त्यांनी सोडला आणि घरातल्या, रस्त्यावरच्या स्वाभाविक आवाजांवर भिस्त ठेवली. शांता आपटे यांची नीरा गाते तेव्हाही साथीचे कारण कथेतच असते. एके ठिकाणी ती ग्रामोफोनच्या साथीने गाते. जरठ-कुमारी विवाहाची ती कथा. त्या घरात नीरेची बाजू घ्यायला फारसे कोणी नाही, आणि सूरही तिच्या कैवाराला धावत नाहीत. संगीत काढून घेण्यानेही अर्थ वाढतो, हे आपल्या माणसांनी इतक्या लवकर ओळखले होते, याचा अभिमान वाटावयास हरकत नाही.

परंतु आपल्या चित्रसृष्टीचा मुख्य प्रवाह दुसरीकडे वळला. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने ‘भाग्यचक्र’ आणि त्याची हिंदी आवृत्ती ‘धूप छाँव’ यांत पार्श्वगायनाची रीत आणली. गळा एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे. या रीतीने आपल्याला लतादीदी दिल्या, रफी दिले. तिची निंदा करण्याचे कारण नाही. पुढे साठाच्या दशकात हलके पण घरघर करणारे कॅमेरे सर्रास झाले आणि संभाषणेही चित्रीकरणानंतर बंद खोलीत भरण्याचा प्रघात पडला. नट महिनोन्महिने लोटल्यावर पडद्यावरील आपल्याच ओठांकडे पाहत आपलीच वाक्ये पुन्हा म्हणत. शेतातला मनुष्य आणि राजवाड्यातला मनुष्य एकाच खोलीत बोलल्यासारखा वाटू लागला. जागेला जो स्वतःचा आवाज असतो तो हरवला. २००१ च्या ‘लगान’मध्ये भुजजवळच्या माळावर चित्रीकरणाबरोबरच संभाषणे मुद्रित केली गेली, तेव्हा ही जुनीच पद्धत लोकांना नवलाची वाटली.

मुख्य प्रवाहाच्या काठाने मोठे कारागीर चालत होते. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’त (१९५५) हरिहर परगावाहून परततो, मुलीसाठी आणलेले लुगडे पत्नीच्या हाती देतो. मुलगी गेलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. सर्वजया हंबरडा फोडते, पण तिचा कंठ आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाईचा उंच सूर उठतो. नटीचा आवाज काढून घेण्याची ही निवड. ऋत्विक घटक यांच्या ‘मेघे ढाका तारा’त (१९६०) खस्ता खाणारी नीता प्रियकराच्या घरचा जिना उतरते, तेव्हा कोठेही न दिसणाऱ्या चाबकाचा फटकारा ऐकू येतो. १९७५ च्या ‘शोले’त ठाकुराच्या कुटुंबाची हत्या होते तेव्हा झोपाळ्याची कुरकुर गोळीबाराहून भयंकर वाटते.

‘शोले’च्या ध्वनिमिश्रणात ज्यांचा हात होता ते मंगेश देसाई परळच्या राजकमल कलामंदिरात बसून संभाषण, संगीत आणि इतर आवाज यांचे प्रमाण ठरवीत. कोणता आवाज पुढे, कोणता मागे, कोणता मुळीच नको, याचा निवाडा करणारा हा माणूस. राय यांच्यासारख्या दिग्दर्शकानेही त्यांच्या कानावर विश्वास टाकला. ‘शोले’तील संवाद पाठ म्हणणारे आपल्या गावात शेकड्यांनी सापडतील, मंगेश देसाई हे नाव माहीत असणारे किती?

नाव नसण्याची ही तक्रार अमेरिकेतही होती, आणि ती मिटली ती विद्यार्थ्यांमुळे. साठाच्या दशकात लॉस एंजेलिस येथील दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात वॉल्टर मर्च आणि जॉर्ज लूकस शिकत होते. पूर्वी ज्याचा उल्लेख आला तोच हा मर्च. मोठ्या चित्रशाळांत आवाजाचे काम खात्याखात्यांत वाटलेले असे. एक पावले भरी, दुसरा संभाषण सांधी, तिसरा मिश्रण करी. विद्यार्थ्याला ही चैन परवडत नाही. त्याला सगळे स्वतः करावे लागते, आणि म्हणून सगळ्याचा एकत्रित विचारही करावा लागतो. गरिबीतून आलेली ही सवय मर्चने बाहेर नेली. ‘द गॉडफादर’मध्ये (१९७२) मायकेल आयुष्यातला पहिला खून करण्याच्या उंबरठ्यावर खाणावळीत बसलेला असतो. चेहरा निश्चल आहे, पण कोठूनशी आगगाडीच्या चाकांची किंकाळी वाढत जाते. गाडी दिसत नाही. ती त्याच्या मनात धावत असते. ‘अपोकॅलिप्स नाउ’ (१९७९) या व्हिएतनाम युद्धावरील चित्रपटाच्या आरंभी छताच्या पंख्यात हेलिकॉप्टरची पाती मिसळतात. या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मर्चसाठी ‘साउंड डिझायनर’, म्हणजे ध्वनिरचनाकार, हे नाव आले, आणि एका जुन्या कारागिरीला नवे नाव मिळाले.

त्याच विद्यापीठातून आलेल्या बेन बर्टने ‘स्टार वॉर्स’साठी (१९७७) प्रकाशाच्या तलवारीचा गुंजारव तयार केला तो जुन्या प्रोजेक्टरच्या मोटारीची गुणगुण आणि टीव्हीच्या नळीमुळे मायक्रोफोनच्या तारेत उठणारी खरखर यांतून. मनोऱ्याला ताण देणाऱ्या तारेवर हातोडा मारून त्याने बंदुकीचा आवाज मिळवला. त्यातील विमानाची किंचाळी म्हणजे हत्तीची हाक आणि ओल्या रस्त्यावरून जाणारी मोटार. या सर्वांची हकीकत मिज कॉस्टिन या ध्वनिसंपादिकेने ‘मेकिंग वेव्ह्ज’ या माहितीपटात २०१९ साली सांगितली. त्याही तेथेच शिकवतात.

आपल्याकडेही असा एक दुवा आहे. प्रभात १९५३ साली बंद पडली आणि तिच्याच पुण्याच्या जागेत १९६० साली भारत सरकारने चित्रपट-शिक्षणाची संस्था काढली. दामल्यांची कंपनी जेथे काम करी त्याच आवारात ध्वनिमुद्रणाचे पाठ सुरू झाले. तेथून १९९५ साली बाहेर पडलेल्या रसूल पूकुट्टी यांना ‘स्लमडॉग मिलियनेर’च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन सहकाऱ्यांसह २००९ साली ऑस्कर मिळाले. त्या रात्री अनेकांना प्रथमच कळले की, या कामालाही बक्षीस असते.

आता त्या विद्यार्थ्याकडे येऊ. त्याने काय करावे? हा इतिहासच त्याला तीन-चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट ही की, त्याने प्रसंग उकलून दाखवावा. आधी नुसते चित्र, मग त्यावर केवळ संभाषण, मग पावले, भांडी, दार, मग रस्त्याची कुजबूज, शेवटी संगीत. एक एक पदर चढताना प्रेक्षक स्वतःच्या मनाचा बदल पाहतो, आणि दिसत नाही ते दिसू लागते. मोठ्या चित्रपटांचे तुकडे वापरण्याची परवानगी मिळणे कठीण. त्यावरही उपाय आहे. स्वयंपाकघरात एकटी बसलेली स्त्री, एवढे एकच चित्र त्याने स्वतः घ्यावे. एकदा त्याला प्रेशर कुकरची शिट्टी आणि मुलांचा दंगा जोडावा, एकदा लांबून येणाऱ्या लग्नाच्या वरातीचा बँड, आणि एकदा केवळ घड्याळाची टिकटिक. चेहरा तोच, बाई तीन.

दुसरी गोष्ट, त्याने शांतता मुद्रित करावी. ध्वनिमुद्रक प्रत्येक जागी काम संपताना सर्वांना गप्प बसवतो आणि अर्धा-एक मिनिट नुसती खोली टिपून घेतो. तुकडे सांधताना दोन वाक्यांमधली फट भरावयास ती लागते. कारण पूर्ण पोकळी कानाला मरणासारखी भासते. वाड्याच्या माजघराची शांतता, सिमेंटच्या सदनिकेची शांतता आणि देवळाच्या गाभाऱ्याची शांतता एक नसते. ही तीन मिनिटे माहितीपटात एकापाठोपाठ एक ऐकवली तर व्याख्यानाची गरज उरणार नाही.

तिसरी आणि सर्वांत निकडीची गोष्ट म्हणजे माणसे. जुनी फीत नायट्रेटची असे. ती पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात त्या संस्थेच्याच आवारात ठेवलेल्या अशा फितींना आग लागली आणि पुष्कळ जुना ठेवा गेला. नंतरची अ‍ॅसिटेटची फीत तशी भडकत नाही, पण दमट हवेत तिला शिरक्यासारखा वास सुटतो आणि ती आक्रसते. चुंबकीय फितीवरचा लेप सुटतो. फिती वाचवण्याचे काम १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासारख्या संस्था करीत आल्या. पण कारागिराच्या हातातले ज्ञान कोणत्याही डब्यात बंद केलेले नसते. बैलगाडीच्या कुरकुरीसाठी कोणत्या लाकडाचा तुकडा फिरवायचा, पैठणीची सळसळ कशाने करायची, पाच ध्वनिपट्ट्या एकत्र करताना हात कोठे थांबवायचा, हे ज्यांना ठाऊक आहे अशी माणसे थकत चालली आहेत. आता हे काम संगणकावर होते, आणि चांगले होते. जुन्यांना परत खोलीत बसवा असे माझे म्हणणे नाही. परंतु त्यांनी कसे ऐकले, हे त्यांच्याच तोंडून आणि हातून नोंदवून ठेवले नाही तर ‘आलम आरा’ची गोष्ट पुन्हा घडेल: कोणी काय केले याच्या याद्या राहतील आणि आवाज जाईल. मोठा निर्माता यासाठी पैसा घालणार नाही, कारण यातून गल्ला जमत नाही. विद्यार्थ्याला गल्ल्याची चिंता नसते. चार दिवस, एक कॅमेरा आणि एक बरा मायक्रोफोन एवढे त्याला पुरते. म्हणून हे काम त्याचेच आहे.

आणि श्रोत्यांचे काम? तेही आहे. ज्या कलेला रसिक नाही तिचा कारागीर निनावीच राहतो. आपण गवयाला दाद देतो ती सम आल्यावर देतो, कारण सम कोठे आहे हे आपल्या कानाला शिकवलेले असते. तसा कान चित्रपटासाठीही तयार करता येतो. २०१६ चा ‘सैराट’ आपण बहुतेकांनी पाहिला. त्याची गाणी लग्नाच्या मांडवापासून गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत वाजली. त्या चित्रपटाचा शेवट आठवा. रक्तात उमटलेली छोटी पावले, रडणारे मूल, आणि कोणताही आवाज नाही. साऱ्या महाराष्ट्राला नाचवणाऱ्या चित्रपटाने अखेरीस संगीत, संभाषण, रडणे सगळे काढून घेतले, आणि भरलेली चित्रपटगृहे त्या शांततेत बसून राहिली. ती शांतता आपोआप आली नव्हती. कोणीतरी विचार करून ती तेथे ठेवली होती. पुढच्या वेळी चित्रपट संपला आणि पडद्यावर नावे सरकू लागली, की जागेवरून उठण्याची घाई न करता त्या माणसाचे नाव शोधावे.